मिठाच्या पाण्यातले बियाणे

भाताचे बियाणे पेरण्याआधी मिठाच्या पाण्यात टाकून पाहावे, हा सल्ला आमच्या घरी पहिल्यांदा वाचला गेला तेव्हा सगळे हसले होते. दापोलीच्या कृषी विद्यापीठाची एक चार पानी पत्रिका कुणीतरी सावंतवाडीहून आणली होती आणि मी ती ओसरीवर बसून मोठ्याने वाचत होतो. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवावे. त्यात बियाणे ओतून ढवळावे. वर तरंगेल ते पोचट समजून काढून टाकावे. तळाला बसेल ते दोन-तीन वेळा साध्या पाण्याने स्वच्छ धुवावे, चोवीस तास सावलीत सुकवावे आणि मग पेरावे.

आजी आडकित्त्याने सुपारी कातरत होती. तिने मान वर न करताच विचारले, "मिठाचें आमकां हो कितें शिकयतलो?"

तिचे म्हणणे खोटे नव्हते. आमचे शेत खाजनात. एका बाजूला खाडी, मध्ये मातीचा बांध, अलीकडे भात. वर्षभराची सगळी राखण मिठापासून. बांधाला खेकड्याने एक बीळ पाडले तरी अख्ख्या गावाच्या पोटात गोळा यायचा. आणि इथे विद्यापीठ सांगत होते की मीठ विकत आणा आणि बियाण्याला पाजा!

तरी त्या वर्षी आम्ही तो प्रयोग केला. पितळेच्या घागरीत बियाणे ओतले तेव्हा ओंजळ-दोन ओंजळी दाणे भराभर वर आले. सुपात चांगले दिसणारे, हाताला चांगले लागणारे दाणे. आजीने ते गाळून घेतले, धुतले आणि न बोलता कोंबड्यांपुढे टाकले. पुढच्या वर्षी मृग जवळ आला तेव्हा तिनेच विचारले, "मीठ हाडलें मरे?"

तेव्हापासून एक प्रश्न माझ्या मनात घर करून आहे. शेतीचा सल्ला येतो कुठून? विद्यापीठातून शेतात येतो, की शेतातून विद्यापीठात जातो? गोव्याच्या भाताचा इतिहास चाळताना मला त्याचे उत्तर थोडेफार सापडले. ते मिठातच सापडले.

*

गोव्यातला शेतकरी भाताच्या जमिनीचे तीन प्रकार सांगतो. डोंगरउताराची मोरड, वाळूसर खेर आणि खाडीकाठची खाजन. यातली खाजन ही निसर्गाने दिलेली जमीन नव्हे, ती माणसाने खाडीकडून काढून घेतलेली आहे. बांदोड्याला सापडलेल्या एका ताम्रपटात 'खज्जन' जमिनीच्या दानाचा उल्लेख येतो. तो कोकणच्या मौर्य घराण्यातील अनिर्जितवर्मन राजाचा असून साधारण सहाव्या शतकातला मानला जातो. म्हणजे खाडीला बांध घालून जमीन पिकाखाली आणण्याची विद्या आपल्याकडे निदान चौदाशे वर्षांची आहे. आज अशी सुमारे अठरा हजार हेक्टर जमीन गोव्यात असल्याचे सांगितले जाते. तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी हे तिन्ही जुने तालुके तिच्यावरच पोसले गेले.

या जमिनीचा बराचसा भाग भरतीच्या पाण्याच्या पातळीखाली आहे, हे शहरातल्या माणसाला सांगून खरे वाटत नाही. ती कोरडी राहते ती बांधामुळे आणि बांधात बसवलेल्या मानशीमुळे. मानस म्हणजे लाकडी दारांचा दरवाजा. भरतीचे पाणी आले की त्याच्या दाबानेच दारे बंद होतात. ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने ती उघडतात आणि शेतातले पाणी बाहेर पडते. त्याला ना वीज लागते ना डिझेल. समुद्राच्याच जोराने समुद्राला बाहेर ठेवण्याची ही युक्ती ज्याने काढली त्याचे नाव कुठल्याही पुस्तकात नाही.

खाजनाचे पंचांगही वेगळे. पावसाआधी जमीन नांगरून, ढेकळे काढून ठेवायची. पहिल्या सरी पडल्या की शेतात पाणी साठू द्यायचे आणि ओहोटीला मानशीतून सोडून द्यायचे. पुन्हा साठवायचे, पुन्हा सोडायचे. प्रत्येक वेळी थोडे मीठ विरघळून खाडीला परत जाते. जमीन धुतली गेली, पाणी जिभेला गोडे लागू लागले की मग पेरा किंवा लावणी. दिवाळीच्या सुमाराला कापणी उरकली की मानस उघडून खारे पाणी आत घ्यायचे. त्याने गोड्या पाण्याचे तण मरते आणि पाण्याबरोबर आलेली कोळंबी, शेवटे, काळुंदर पोंयीत वाढतात. काही गावांत उन्हाळ्यात तिथेच मिठागरे लागायची. एकाच जमिनीत भात, मासे आणि मीठ!

आज कृषी शास्त्रज्ञ सांगतात की भाताचे बी रुजताना खारेपणा बऱ्यापैकी सोसते, पण दोन-तीन पानांचे रोप आणि फुलोरा या दोन अवस्थांत ते फार नाजूक असते. जमिनीच्या खारेपणाचे माप तीनच्या वर गेले की साध्या भाताचे उत्पन्न घसरू लागते. हे माप म्हणजे विद्युत वाहकतेचा आकडा. तो प्रयोगशाळेतले यंत्र दाखवते. आमच्याकडे तो जिभेवर ठरत होता. पण निष्कर्ष एकच होता: रोप कोवळे असताना आणि भात फुलताना मिठाला दारात येऊ द्यायचे नाही.

या ज्ञानाची मालकी एका माणसाची नव्हती, गांवकरीची होती. १५२६ साली आफोंसु मेशिया याने गांवकरीचे रीतिरिवाज पोर्तुगीज सनदेत नोंदवले. ती नोंद झाली महसुलासाठी, पण त्यातून एवढे दिसते की पोर्तुगीज आले तेव्हा जमिनीची सामाईक व्यवस्था इथे जुनीच होती. बांधाची डागडुजी, मानशीतल्या मासळीचा लिलाव, त्या पैशातून पुन्हा बांध, हे चक्र गाव चालवत होते. बांध एकट्याचा नसतो. माझ्या वाट्याचा तुकडा मी नीट राखला आणि शेजाऱ्याने राखला नाही, तर मीठ दोघांकडेही येते. म्हणून खाजनात सल्ला कधी खासगी नव्हता. तो नियम म्हणून यायचा आणि न पाळणाऱ्याला दंड बसायचा.

गांवकरीचे गोडवे गाताना एक विसरू नये. त्या व्यवस्थेत चिखलात वाकून लावणी करणारी बाई, भाटकाराच्या जमिनीवर राहणारा मुंडकार आणि खंडाने कसणारे कूळ यांना बोलायचा हक्क फारसा नव्हता. ज्ञान त्यांच्या हातात होते, निर्णय मात्र दुसऱ्यांच्या.

*

मग लिहिलेला सल्ला आला. एका जेझुइट पाद्रीने लिहिलेली 'आर्ते पाल्मारिका' ही माडाच्या लागवडीवरची पुस्तिका गोव्याच्या कृषी साहित्यात मानाने सांगितली जाते. जेझुइटांकडे मोठी माडाची भाटे होती. १७५९ साली पोर्तुगीज मुलखातून त्यांची हकालपट्टी झाली, पण पुस्तिका मागे राहिली आणि पुढे छापलीही गेली. माडाचे बी कसे निवडावे, खड्डा कसा करावा हे पाद्रीला कुणी शिकवले असेल? त्याच्या भाटातल्या माणसांनी. पाद्रीने ते पोर्तुगीजमध्ये उतरवले.

त्याहून मोठा ग्रंथ आपल्या मडगावच्या माणसाचा आहे. बेर्नार्दु फ्रान्सिस्कु द कॉस्ता (१८२१-१८९६) म्हणजे १८५९ साली मडगावहून 'ओ उल्त्रामार' हे गोव्यातले पहिले खासगी वृत्तपत्र काढणारा माणूस. लिस्बनच्या संसदेत तो गोव्याचा प्रतिनिधी होता. त्याने 'मानुआल प्रातिकु दु आग्रिकुल्तोर इंदियानु', म्हणजे भारतीय शेतकऱ्यासाठी व्यावहारिक मार्गदर्शक, हा ग्रंथ १८७२ ते १८७४ या काळात लिस्बनला दोन खंडांत प्रसिद्ध केला. आज ज्याला आपण कृषी विस्तार म्हणतो त्याचा विचार गोव्यातल्या एका माणसाने त्या काळी केला, याचा मला अभिमान वाटतो.

पण ग्रंथाचे नाव पुन्हा वाचा. शेतकऱ्यासाठी! त्या काळी शेतात राबणाऱ्या किती जणांना पोर्तुगीज वाचता येत होते? पेडणे, सत्तरी, फोंड्याकडच्या एखाद्या शेतकऱ्याचा मुलगा शिकलाच तर शेणै मामाच्या शाळेत मराठी मुळाक्षरे शिकला. सासष्टी-बार्देशातला ख्रिस्ती शेतकरी वाचत असलाच तर रोमी लिपीतली कोंकणी वाचत होता. कॉस्ताचा ग्रंथ भाटकाराच्या दिवाणखान्यातल्या कपाटात गेला. ज्याच्या नावाने लिहिला तो माणूस खाली चिखलात उभा होता. सल्ला चांगला असून भागत नाही. तो कोणत्या भाषेत, कुणाच्या हातात पडतो यावर त्याचे पीक ठरते.

*

'विस्तार' हा शब्द सरकारी कागदांमुळे आपल्याला रुक्ष वाटतो. त्यामागची कल्पना मात्र सुंदर आहे. विद्यापीठाने आपल्या भिंती ओलांडून, जो शिकायला येऊ शकत नाही त्याच्यापर्यंत पोचायचे. इंग्लंडमध्ये केंब्रिजने १८७३ मध्ये गावोगावी व्याख्याने सुरू केली तेव्हा हा शब्द रूढ झाला. अमेरिकेत १८६२ च्या मॉरिल कायद्याने शेतीची महाविद्यालये उभी राहिली आणि १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने त्या महाविद्यालयांचा माणूस थेट शेतकऱ्याच्या बांधावर गेला. स्वतंत्र भारताने तोच नमुना समोर ठेवून १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ काढले. १८ मे १९७२ रोजी दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ सुरू झाले.

गोव्यात १९६१ पर्यंत यातले काहीच नव्हते. मुक्तीनंतर शेतकी खाते उभे राहिले, ग्रामसेवक गावात येऊ लागले, आकाशवाणीच्या पणजी केंद्रावरून शेतीची माहिती ऐकू येऊ लागली. स्वतःचे कृषी विद्यापीठ गोव्याला आजही नाही. आपली मुले दापोलीला किंवा धारवाडला शिकून आली. १९७६ साली जुन्या गोव्याजवळ एला येथे भारतीय कृषी अनुसंधान परिषदेचे संशोधन संकुल सुरू झाले. पहिली काही वर्षे ते कासरगोडच्या संस्थेच्या अखत्यारीत होते, १९८९ मध्ये स्वतंत्र झाले आणि २०१४ पासून केंद्रीय तटीय कृषी अनुसंधान संस्था या नावाने ओळखले जाते. कृषी विज्ञान केंद्र १९८३ मध्ये आले.

या मधल्या काळात आमच्यासारख्या घरांत पोचला तो दापोलीचा कागद. दापोलीच्या कार्यक्षेत्रात गोवा येत नाही, पण पावसाला आणि जमिनीला जिल्ह्याची हद्द कुठे ठाऊक! सिंधुदुर्गातली माती तीच, भात तेच, माड तोच. आणि भाषा मराठी. गोव्यातल्या मराठी वाचणाऱ्या घरांना हा अनपेक्षित लाभ झाला. देवळातल्या कीर्तनाची आणि नाटकाची जी भाषा, तीत आता गेंड्या भुंग्याचा बंदोबस्त कसा करावा हेही वाचता येऊ लागले. (शेणाच्या उकिरड्यात त्याच्या अळ्या वाढतात, म्हणून उकिरडा माडाजवळ ठेवू नये आणि वेळच्या वेळी उपसावा. शेंड्यात भुंगा शिरला तर तारेच्या आकड्याने ओढून काढावा.) मात्र सासष्टीतल्या रोमी वाचणाऱ्या शेतकऱ्याला हा कागदही मुकाच होता, हे प्रामाणिकपणे नोंदवायला हवे.

*

आता मिठाकडे परत येतो.

१९६८ साली 'जया' हे भाताचे बुटके, भरघोस उत्पन्न देणारे वाण देशात प्रसारित झाले. १९७४ मध्ये केरळातल्या पट्टांबीहून 'ज्योती' आले. दोन्ही गोव्यात आले आणि इथलीच झाली. ज्योतीचा तांदूळ लाल, जाड, उकड्याला उत्तम. आपल्या पेजेला तो मानवला. त्या काळात गोव्याचे भाताचे कोठार वाढले ते या दोन वाणांमुळे, खतामुळे आणि घरोघर फिरणाऱ्या त्या ग्रामसेवकांमुळे. ज्यांनी रेशनच्या रांगा पाहिल्या आहेत ते या वाणांना नावे ठेवणार नाहीत. मीही ठेवत नाही. मोरड आणि खेर जमिनीत तो सल्ला बरोबरच होता.

चूक झाली ती तोच सल्ला खाजनात तसाच उतरवण्यात. खाजनाचे मूळचे भात म्हणजे कोरगुट. उंच वाढणारे, दाण्याला कूस असलेले, तांदूळ जाडा. उत्पन्न बेताचे. वारा-पाऊस जोराचा झाला की आडवे पडायचे. आकड्यांच्या परीक्षेत ते जयापुढे नापास होणारच होते. पण कोरगुटाचा एक गुण त्या परीक्षेत विचारलाच गेला नव्हता. मीठ आत आले तरी ते उभे राहायचे. जुलैत पावसाने आठ-दहा दिवस दडी मारली आणि तळातले मीठ वर चढले, किंवा भाद्रपदाच्या उधाणात बांध झिरपला, तर जयाची रोपे पिवळी पडून जळायची आणि कोरगुट थोडे फिके होऊन पुन्हा सावरायचे. जया चांगल्या वर्षी भरभरून द्यायची. कोरगुट वाईट वर्षीही काहीतरी द्यायचे. ज्याच्या घरी कोठार आहे त्याला चांगल्या वर्षाची सरासरी परवडते. ज्याला यंदाच्या भातावरच यंदा जगायचे आहे, त्याला वाईट वर्षाचा हिशेब आधी करावा लागतो.

आजीची आणखी एक तक्रार होती: नव्या भाताला पेंढाच नाही! बुटक्या वाणाचे काड तोकडे. गुरांना काय घालायचे आणि गोठा कशाने शाकारायचा? उत्पन्नाच्या तक्त्यात पेंढ्याचा रकाना नव्हता.

याच सुमारास जमिनीचे कायदेही बदलत होते. १९६४ च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले आणि १९७६ च्या पाचव्या दुरुस्तीने कसणाऱ्याला मालक केले. कोर्टकज्ज्यांत ते पुष्कळ काळ अडकले तरी न्याय्यच होते. बांधांची जबाबदारी १९७५ च्या नियमांनी कुळांच्या संघटनांकडे आली. पण गांवकरीकडे असलेला पैसा, दरारा आणि शेकडो वर्षांची घडी त्यांच्याकडे एका कागदाने येणार नव्हती. मानशीतल्या मासळीला बाजारात भाव आला तसा लिलावही चढला. ठेकेदाराला कोळंबी हवी, म्हणून दारे भलत्या वेळी उघडी राहू लागली. मीठ आत आले आणि त्याच वेळी ते सोसणारे बियाणे गावातून नाहीसे होत गेले. दोन्ही गोष्टी एकदम घडल्या हे दुर्दैव. बांध मजबूत असता तर जया चालली असती. कोरगुट हाताशी असते तर फुटका बांधही एखाद-दुसरे वर्ष निभावला असता.

आमच्या शेताचेही तेच झाले. एका वर्षी बांध फुटला आणि दोन पावसाळे तो कुणी बांधला नाही. तिसऱ्या वर्षी शेतात खारफुटीची रोपे दिसू लागली. खारफुटी खाडीची राखण करते. बांधाबाहेर ती हवीच. ती असली की लाटांचा मारा बांधावर थेट बसत नाही. पण शेतात ती एकदा माजली की कायद्याचे संरक्षण मिळते आणि परवानगीशिवाय तोडता येत नाही. भाताचे शेत पाहता पाहता रान झाले. आजी त्या बाजूला जायचे टाळायची.

*

इथे गोष्ट संपली असती तर हा लेख मी लिहिला नसता.

एलाच्या संशोधकांनी खाजनात फिरून अजून कुणाकडे कोरगुट शिल्लक आहे ते पाहिले. शेतकऱ्यांच्या कणगीतले ते मिश्र बियाणे निवडत निवडत, पिढीमागून पिढी शुद्ध केले. त्यातून २०१० नंतरच्या दशकात 'गोवा धान १' आणि 'गोवा धान २' ही खारेपणा सोसणारी वाणे आली. त्यांची आधीची नावे केएस-१२ आणि केएस-१७. ही वाणे परदेशातून आली नाहीत, बांधाच्या अलीकडूनच आली. कोकणातही पनवेलच्या खार जमीन संशोधन केंद्राने अशीच खारे पाणी सोसणारी भाताची वाणे शेतकऱ्याला दिली आहेत. ज्या भाताला एकेकाळी मागासलेले म्हणून बाजूला सारले होते, त्याच्याच दारात विज्ञान बियाणे मागायला गेले. यात विज्ञानाचा कमीपणा नाही. तो त्याचा मोठेपणा आहे. चूक सुधारायला पुन्हा शेतात जाणारा सल्लागार मला चूक न करणाऱ्यापेक्षा अधिक विश्वासाचा वाटतो.

काजूचेही थोडे असेच झाले. वेंगुर्ल्याच्या फळ संशोधन केंद्राने (स्थापना १९५७) काजूच्या कलमांची विद्या घरोघर नेली. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ ही कलमे गोव्यातही लागली. वेंगुर्ला-७ ची बी सुमारे दहा ग्रॅमची, हातात घेतली की समाधान वाटावे अशी. पण गोव्याचा काजूवाला बीबरोबर बोंडूही मोजतो. हुर्राक आणि फेणी बोंडूच्या रसातून होते. बोंडू किती रसाळ, एका झाडाला किती, हे त्याचे पहिले प्रश्न. एलाच्या संस्थेने मग इथल्याच झाडांतून निवड केली. बाळ्ळीच्या एका झाडापासून 'गोवा-१' हे वाण पुढे आले आणि बोंडूच्या रसाचाही हिशेब संशोधनात येऊ लागला. वेंगुर्ल्याचा सल्ला चुकीचा नव्हता. तो दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर होता.

*

आज सल्ल्याचा तोटा नाही. भ्रमणध्वनीवर सकाळी हवामान येते, दुपारी औषधाची जाहिरात येते, संध्याकाळी कुणीतरी कुठल्या तरी राज्यातल्या विक्रमी भाताचा फोटो पाठवतो. सुळकर्ण्याला कृषी महाविद्यालय झाले आहे. २०११ च्या सीआरझेड अधिसूचनेने गोव्याच्या खाजनांना वेगळे संरक्षण देऊन त्यांचे नकाशे करायला सांगितले. कागद पुष्कळ आहेत. तुटवडा आहे तो ओहोटीच्या वेळी मानशीपाशी उभ्या राहणाऱ्या माणसाचा.

ज्यांचे खाजन अजून कसत आहे त्यांच्यासाठी, इतकी वर्षे वाचून आणि पाहून जे पटले ते थोडक्यात सांगतो. पहिला पाऊस फुकट घालवू नका. ते पाणी पीक वाढवण्यासाठी नाही, जमीन धुण्यासाठी आहे. साठवा आणि ओहोटीला सोडा. लावणीची घाई करू नका. खाऱ्या जमिनीत कोवळ्या रोपापेक्षा महिनाभराचे जून रोप तग धरते, आणि एका चुडात दोन-तीन रोपे जास्त लावलेली बरी. सगळे शेत एकाच वाणाखाली आणू नका. बांधाजवळचा, नेहमी झिरपणारा पट्टा कोरगुटाला किंवा त्यातून निघालेल्या वाणाला द्या आणि आतली गोडी जमीन ज्योतीला. त्या पट्ट्यातले बियाणे दरवर्षी स्वतः राखा. मानशीचा लिलाव करताना दारे कधी उघडायची ते करारात स्पष्ट लिहून घ्या. आणि मातीचा नमुना तपासायला देताना तपासणाऱ्याला सांगा की ही जमीन खाजन आहे. तेवढे एक वाक्य सांगितले नाही तर तुम्हाला मिळणारा सल्ला बरोबर असेल, पण दुसऱ्या कुणाच्या शेताचा असेल.

यातले एकही वाक्य माझे नाही. काही आजीचे, काही दापोलीचे, काही एलाच्या शास्त्रज्ञांचे. कुठले कुणाचे हे आता मलाही वेगळे काढता येत नाही.

आमचा बांध मागच्या काही वर्षांत गावातल्या तरुणांनी संघटनेला हाताशी धरून पुन्हा घातला. सगळे शेत परत मिळाले नाही. खारफुटी जिथे मोठी झाली होती ती तशीच राहिली आहे आणि आता तिथे बगळे वस्तीला असतात. उरलेल्या तुकड्यात दोन वर्षांपूर्वी आम्ही गोवा धान पेरले. बियाण्याची पिशवी आली तेव्हा मी घागर काढली, पाणी मोजले आणि तीनशे ग्रॅम मीठ तोलून टाकले. घरातल्या लहान मुलीने विचारले की जे भात मिठाला घाबरत नाही त्याला मिठात का बुडवायचे?

मी म्हटले, "पोचट कुठले आणि भरलेले कुठले, ते पाहायला."

दाणे ओतले. थोडे वर आले, बाकीचे तळाला जाऊन बसले. वर आलेले गाळून आम्ही कोंबड्यांना घातले.